हॅरिसन फोर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडियाना जोन्स आणि हान सोलो एकाच माणसाने केले, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यापुढे मात्र सांगोवांगीचा कारभार सुरू होतो. सुतार होता म्हणे, भारतात त्याच्या सिनेमावर बंदी आली म्हणे, विमान पाडलं म्हणे. यातलं बरंच खरं आहे, फक्त लोक सांगतात तसं नाही. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदा नीट उत्तरांसकट मांडून ठेवतो.

तो खरंच सुतार होता, की ही मागाहून रचलेली गोष्ट आहे?

खरंच होता, आणि तेही पोटासाठी. 1964 साली तो लॉस एंजेलिसला आला. कोलंबिया स्टुडिओने नव्या चेहऱ्यांच्या योजनेत त्याला आठवड्याला 150 डॉलर पगारावर घेतलं. त्या काळी स्टुडिओ कलाकाराला पगारी नोकरासारखं वागवायचे. केस एल्व्हिस प्रेस्लीसारखे फुगवून घे, नाव बदल, असे हुकूम सुटायचे. नावाच्या बाबतीत त्याने वैतागून 'कर्ट अफेअर' असं मुद्दाम बावळट नाव सुचवलं, तेव्हा तो विषय मिटला.

1966 साली एका सिनेमात त्याला हॉटेलातल्या निरोप्या पोऱ्याची चिमुकली भूमिका मिळाली. त्यानंतर एका बड्या साहेबाने त्याला बोलावून ऐकवलं की टोनी कर्टिसने पहिल्या सिनेमात नुसती किराणा मालाची पिशवी पोचवली, तरी बघताक्षणी कळत होतं की हा स्टार आहे. फोर्ड म्हणाला, मला वाटलं बघणाऱ्याला तो किराणावाला पोऱ्या वाटायला हवा. साहेबाने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. माझ्या मते त्याच्या अभिनयाबद्दल पुढे जे काही लिहिलं गेलं, ते सगळं या एका उत्तरात आलेलं आहे.

मग दुसऱ्या स्टुडिओत गेला, टीव्हीवरच्या घोडेस्वारांच्या मालिकांत किरकोळ कामं केली. एव्हाना बायको होती, दोन मुलं झाली होती, आणि मिळेल ती भूमिका घेतली तर आपण चार दिवसांत शिळे होऊ असं त्याला वाटायला लागलं. घर दुरुस्त करायचं म्हणून त्याने वाचनालयातून सुतारकामाची पुस्तकं आणली आणि वाचून वाचून शिकला. कुणी मिस्त्री गुरू नाही, हाताखाली उमेदवारी नाही. ब्राझिलियन संगीतकार सेर्जिओ मेंडिस यांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ त्याने बांधून दिला. लेखिका जोन डिडिअन आणि त्यांचे पती यांच्या मॅलिबूच्या समुद्रकाठच्या घरातही त्याने काम केलं.

या धंद्याने त्याला पैसे दिलेच, पण 'नाही' म्हणायची सोयही दिली. चूल पेटती असली की माणूस भूमिका निवडू शकतो. आपल्याकडे कित्येक चांगले नट बँकेतली किंवा सरकारी खात्यातली नोकरी सांभाळून नाटकं करत आले. हिशेब तोच, याच्या हातात फाइलऐवजी रंधा होता एवढंच.

दरवाजा बसवता बसवता त्याला 'स्टार वॉर्स' मिळाला, हे खरं का?

दरवाजा खरा आहे, पण गोष्ट अर्धवट सांगितली जाते. 'स्टार वॉर्स'चा दिग्दर्शक जॉर्ज लुकस त्याला आधीपासून ओळखत होता. 1973 च्या 'अमेरिकन ग्राफिटी'त फोर्डने लुकसकडेच काम केलं होतं. तिथे त्याला केस बारीक कापायला सांगितले, तर भूमिका एवढीशी आणि केस कापून पुढची कामं जायची म्हणून त्याने नकार दिला आणि डोक्यावर काउबॉय टोपी घालून वेळ मारून नेली.

'स्टार वॉर्स'साठी लुकसला नवे चेहरे हवे होते, म्हणजे फोर्ड आपोआप बाद. फोर्ड त्या दिवसांत दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या ऑफिसात दार बसवायचं काम करत होता. (दोघांच्या नावात फोर्ड आहे, नातं काही नाही.) लुकसने त्याला चाचणीला येणाऱ्या नटांसमोर संवाद वाचून दाखवायला बसवलं. इतरांची परीक्षा घेता घेता हान सोलो त्याच्याच तोंडी बसत गेला. कास्टिंगवाला फ्रेड रूस आधीपासून त्याच्या बाजूने बोलत होताच. 1977 साली सिनेमा आला तेव्हा फोर्ड पस्तिशीत पोचला होता. हॉलिवूडच्या हिशेबाने हा उशीरच.

त्या सिनेमाच्या संवादांवर तो जाम वैतागला होता. हे टाइप करता येतं जॉर्ज, बोलता येत नाही, अशा अर्थाचं, जरा शिवराळ भाषेतलं त्याचं वाक्य प्रसिद्ध आहे. पुढच्या भागात राजकन्या 'आय लव्ह यू' म्हणते आणि तो नुसतं 'आय नो' म्हणतो. हे उत्तर पटकथेत नव्हतं. दिग्दर्शक अर्विन कर्शनर आणि फोर्ड यांनी सेटवर ते घडवलं.

जन्म, शिक्षण, घरची माणसं?

13 जुलै 1942, शिकागो. वडील आयरिश कॅथलिक, आई ज्यू, आईचे लोक मिन्स्ककडचे. दोघांनीही तरुणपणी अभिनय केलेला होता. वडील पुढे जाहिरातीच्या धंद्यात गेले, आई रेडिओवर काम करायची. म्हणजे तो अगदीच बिनकलेच्या घरातून आला असं नाही. माणूस म्हणून मला नेहमी आयरिश वाटलं आणि नट म्हणून ज्यू, अशी मिश्किली तो करत असे. शाळेच्या रेडिओ केंद्रावर त्याचा आवाज पहिल्यांदा गाजला. पुढे विस्कॉन्सिनमधल्या रिपन कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं. लाजाळूपणा जावा म्हणून नाटकाच्या वर्गात नाव घातलं आणि तिथेच रमला. पदवी काही घेतली नाही.

जुन्या मूकपटांच्या नावांत हॅरिसन फोर्ड दिसतो, तो याचा आजोबा का?

नाही, काहीही संबंध नाही. तो दुसरा हॅरिसन फोर्ड मूकपटांच्या जमान्यातला नट, 1957 साली वारला. घोळ नको म्हणून आपल्या फोर्डने सुरुवातीला 'हॅरिसन जे. फोर्ड' असं नाव लावलं. गंमत अशी की त्याला मधलं नावच नाही, तो 'जे' कशाचाच नव्हता. हॉलिवूडच्या फुटपाथवर आज दोन्ही हॅरिसन फोर्डचे तारे आहेत.

हनुवटीवरचा व्रण मेकअपचा आहे का?

खरा आहे. गाडी चालवता चालवता सीट बेल्ट लावायला गेला आणि गाडी खांबावर आदळली. 1989 च्या इंडियाना जोन्सच्या तिसऱ्या भागात कोवळ्या वयातल्या इंडीच्या हनुवटीला चाबूक लागतो, ती त्या व्रणाला जोडलेली गोष्ट. जाता जाता: त्याच सिनेमात त्याच्या बापाचं काम करणारा शॉन कॉनरी त्याच्यापेक्षा फक्त बारा वर्षांनी मोठा होता.

इंडियाना जोन्ससाठी पहिली पसंती दुसऱ्याच कुणाला होती ना?

हो, टॉम सेलेकला. पण तो 'मॅग्नम पी. आय.' या टीव्ही मालिकेच्या करारात अडकला. लुकसला फोर्ड नको होता, आपल्या प्रत्येक सिनेमात हाच दिसायला लागला तर कसं, म्हणून. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्गने त्याचा आग्रह धरला. 1981 साली 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' आला.

बाजारात तो काळ्या झग्यातला तलवारबाज तलवार गरागरा फिरवतो आणि इंडी कंटाळल्यासारखा त्याला गोळी घालतो, तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. तिथे खरं तर चाबूक विरुद्ध तलवार अशी लांबलचक झुंज ठरली होती आणि तलवारवाल्याने तिचा चांगला सराव केला होता. पण चित्रीकरण ट्युनिशियात होतं, अर्ध्याअधिक युनिटचं पोट बिघडलेलं, आणि फोर्डला हगवणीमुळे एका जागी फार वेळ उभं राहणंही अवघड. त्याने सुचवलं, सरळ गोळीच घालूया की. सिनेमातल्या सर्वात गाजलेल्या हशाचं श्रेय जुलाबांना जातं. डबाबंद अन्नावर राहिलेला स्पीलबर्ग तेवढा धडधाकट होता.

'टेंपल ऑफ डूम'चं आणि भारताचं नेमकं काय बिनसलं?

1984 सालचा हा दुसरा भाग. गोष्ट 1935 च्या भारतात घडते. निर्मात्यांना इथेच चित्रीकरण करायचं होतं, जयपूरकडच्या राजवाड्यांचा विचार होता. भारत सरकारने पटकथा वाचली आणि बदल सुचवले. 'महाराजा' हा शब्दही त्यांना नको होता. बदल न करता मंडळी श्रीलंकेत कँडीजवळ गेली. म्हणूनच सिनेमातल्या 'भारतीय' खेड्यातली माणसं चक्क सिंहली बोलतात. आपल्याकडच्या प्रेक्षकाला ते पहिल्या मिनिटालाच खटकतं, अमेरिकेत कुणाला पत्ताही लागला नाही. सिनेमा तयार झाल्यावर भारतात काही काळ त्याच्यावर बंदी होती.

सरकारचा आक्षेप अगदीच अस्थानी नव्हता, असं मला वाटतं. राजवाड्यातल्या मेजवानीत जिवंत सापाची पिल्लं, डोळ्यांचं सूप आणि माकडाचा मेंदू वाढतात. चेष्टा म्हणून केलं असेल, पण आपल्या जेवणाबद्दलची ती चेष्टा परदेशात शाळेत शिकणाऱ्या कितीतरी भारतीय पोरांना डबा उघडताना ऐकावी लागली. काली आणि ठगांचं चित्रणही इंग्रजांच्या काळातल्या भयकथांमधून उचललेलं.

आणि तरीही त्यातल्या मोला राम या खलनायक पुजाऱ्यासाठी तो बघावा लागतो. अमरीश पुरी मुंबईच्या रंगभूमीवर सत्यदेव दुबे यांच्या नाटकांतून घडलेला नट. या भूमिकेसाठी त्यांनी डोकं तासलं, ते रूप इतकं चाललं की नंतर हिंदी खलनायकीतही तो तकतकीत गोटा त्यांची ओळख झाला. 'काली मां शक्ति दे' म्हणताना त्या खर्जातल्या आवाजापुढे फोर्ड काही क्षण पाहुणा वाटतो.

याच सिनेमात फोर्डच्या पाठीच्या मणक्यातली चकती सरकली. हत्तीवर बसून बसून आधीच पाठ धरली होती, मारामारीत ती पार गेली. त्याला विमानाने लॉस एंजेलिसला नेऊन पपईच्या चिकातून मिळणाऱ्या विकराचं इंजेक्शन चकतीत दिलं. तोवर कित्येक आठवडे त्याचा डमी विक आर्मस्ट्राँग याला घेऊन चित्रीकरण चालू ठेवलं. पाठमोरा इंडी दिसला की तो आर्मस्ट्राँग असण्याची बरीच शक्यता आहे.

हान सोलोला मारा असं त्याने स्वतःच सांगितलं होतं?

अनेकदा. 1983 च्या तिसऱ्या भागातच हानने जीव द्यावा, म्हणजे गोष्टीला वजन येईल, असा त्याचा आग्रह होता. याला ना आई ना बाप, पुढे करण्यासारखंही काही उरलेलं नाही, असा त्याचा युक्तिवाद. लुकस बधला नाही. शेवटी 2015 च्या 'द फोर्स अवेकन्स'मध्ये हान पोटच्या पोराच्या हातून मेला. त्याच्या आदल्या वर्षी, त्या सिनेमाच्या चित्रीकरणात, हानच्याच यानाच्या दाराखाली सापडून फोर्डचा पाय मोडला. इंग्लंडमधल्या कोर्टाने निर्मिती संस्थेला त्याबद्दल 16 लाख पौंड दंड ठोठावला. आयुष्यभर दारं बसवलेल्या माणसावर दाराने असा सूड उगवावा!

'ब्लेड रनर' आज इतका नावाजतात, मग तेव्हा का पडला?

1982 साली लोकांना हान सोलो हवा होता, मिळाला पावसात भिजलेला, थकलेला, बायकांवर गोळ्या झाडणारा, यंत्रमानवांचा शिकारी डेकार्ड. दिग्दर्शक रिडली स्कॉट आणि फोर्ड यांचं सेटवर जमलं नाही. निर्मात्यांनी मागून निवेदन घालायला लावलं, ते फोर्डने कसंबसं उरकलं आणि ऐकताना तो कंटाळा जाणवतो. 1992 साली निवेदन काढून टाकलेली आवृत्ती आली. डेकार्ड माणूस की यंत्रमानव, यावर दोघांत बरीच वर्षं वाद: स्कॉटच्या मते यंत्रमानव, फोर्डच्या मते प्रेक्षकाला धरून ठेवायला एक तरी माणूस हवा. मी फोर्डच्या बाजूचा. 2017 मध्ये त्याने ही भूमिका पुन्हा केली.

ऑस्कर किती?

एकही नाही. नामांकन एकच, 1985 च्या 'विटनेस'साठी, आणि त्या वर्षी बक्षीस विल्यम हर्टला गेलं. पीटर वीअर दिग्दर्शक. शहरातला एक पोलिस खुनाचा साक्षीदार असलेल्या मुलाला वाचवण्यासाठी पेनसिल्व्हेनियातल्या आमिश लोकांत लपून राहतो. ती माणसं वीज, मोटार काही वापरत नाहीत. मधे सगळं गाव मिळून एका दिवसात धान्याचं कोठार उभारतं. संवाद जवळजवळ नाहीत, लाकडावर पडणारे हातोडे आणि संगीत. त्यात फोर्ड ज्या सवयीने हत्यारं हाताळतो, ती नटाची नाही, सुताराची आहे. शिकवून येत नाही ते.

मानाचे पुरस्कार बरेच मिळाले. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा जीवनगौरव 2000 साली, 2023 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सन्माननीय पाम द'ओर. टीव्हीच्या एमी पुरस्काराचं पहिलं नामांकन त्याला 2025 मध्ये मिळालं, त्रेऐंशीव्या वर्षी.

त्याच्या कुठल्या सिनेमांवरून हिंदीत सिनेमे निघाले?

दोन तर ठळक. 1993 च्या 'द फ्युजिटिव्ह'वरून महेश भट्टने 1995 साली नागार्जुनला घेऊन 'क्रिमिनल' काढला. 'तू मिले दिल खिले' हे गाणं त्यातलं. आणि 2000 च्या 'व्हॉट लाइज बिनीथ'वरून 2002 चा विक्रम भट्टचा 'राज'. 'क्रिमिनल'मधलं गाणं आपल्याला पाठ असतं, पण मूळ सिनेमात फोर्ड होता हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

'द फ्युजिटिव्ह'मधलं त्याचं लंगडणं खरं आहे. जंगलातल्या चित्रीकरणात पायाचे स्नायुबंध दुखावले, शस्त्रक्रिया त्याने चित्रीकरण संपेपर्यंत लांबवली, कारण लंगडणारा फरारी जास्त पटतो. शिकागोच्या सेंट पॅट्रिक्स डेच्या मिरवणुकीतला प्रसंग तर खऱ्या मिरवणुकीत घुसून टिपलाय. त्यात ऑस्कर मिळालं ते त्याचा पाठलाग करणाऱ्या टॉमी ली जोन्सला.

विमानाचं काय प्रकरण आहे?

प्रकरणं तीन-चार आहेत. कॉलेजच्या दिवसांत त्याने उडायला शिकायला सुरुवात केली होती, पण तासाचे पंधरा डॉलर परवडेनात. मग नव्वदच्या दशकात, पन्नाशी उलटल्यावर पुन्हा शिकला. वायोमिंगमध्ये जॅक्सनजवळ त्याची मोठी जमीन आहे, तिथे स्वतःच्या हेलिकॉप्टरने त्याने डोंगरात अडकलेल्यांना उचलून आणलं आहे. 2000 साली अशाच एका आजारी तरुणीला हेलिकॉप्टरमधून नेताना ती ओकली. आपल्याला कोण घेऊन चाललंय हे तिला उशिरा कळलं.

5 मार्च 2015 रोजी दुसऱ्या महायुद्धातल्या सरावाच्या विमानाचं इंजिन उडाल्यावर लगेच बंद पडलं. त्याने ते लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागातल्या गोल्फ मैदानावर आदळत उतरवलं. जबर जखमी झाला, पण खाली कुणाला इजा झाली नाही. चौकशीत कार्ब्युरेटरमधला एक सुटा झालेला भाग सापडला, म्हणजे दोष त्याचा नव्हता. 2017 मध्ये मात्र सरळ त्याचीच चूक. कॅलिफोर्नियातल्या जॉन वेन विमानतळावर धावपट्टीऐवजी शेजारच्या टॅक्सीवेवर (विमानं धावपट्टीपर्यंत नेण्याच्या रस्त्यावर) उतरला, तेही 110 प्रवासी बसलेल्या विमानाच्या डोक्यावरून. नंतर नियंत्रण कक्षाला फोन करून म्हणाला, टॅक्सीवेवर उतरलेला तो मूर्ख मीच.

लग्नं, मुलं?

तीन लग्नं, पाच मुलं. पहिली बायको मेरी मार्क्वार्ट, कॉलेजपासूनची. दुसरी मेलिसा मॅथिसन, 'ई. टी.'ची पटकथा लिहिणारी. त्या सिनेमात फोर्डने शाळेच्या मुख्याध्यापकाचं छोटं काम केलं होतं, ते संकलनात उडालं. 2010 पासून नटी कॅलिस्टा फ्लॉकहार्ट. तिने आधी दत्तक घेतलेला मुलगा धरून पाच. बाकी घरच्या गोष्टींत तो पत्रकारांना शिरू देत नाही, आपणही नको शिरूया.

सापाला त्याचं नाव दिलंय, ही थट्टा का?

नाही, शास्त्रीय नाव आहे. 'कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल' या निसर्गरक्षण संस्थेत तो अनेक वर्षं आहे. त्याची दखल म्हणून शास्त्रज्ञांनी आधी एका कोळ्याला, मग एका मुंगीला आणि 2023 मध्ये पेरूतल्या एका सापाला त्याचं नाव दिलं. सापांना घाबरणाऱ्या इंडियाना जोन्सच्या नशिबी साप आला. फोर्ड स्वतः मात्र सापांना अजिबात भीत नाही. वायोमिंगमधली जवळपास निम्मी जमीनही त्याने कायमची निसर्गासाठी राखून ठेवली आहे.

आता काय करतो?

काम. 2023 मध्ये इंडियाना जोन्सचा शेवटचा भाग, त्यात सुरुवातीला संगणकाने तरुण केलेला चेहरा. तो मला पटला नाही, कारण चेहरा चाळिशीतला आणि चालणं ऐंशीचं. '1923' या मालिकेत हेलन मिरेनसोबत मोंटानातला म्हातारा पशुपालक. 2025 च्या कॅप्टन अमेरिकाच्या सिनेमात लाल हल्क. या सगळ्यात उत्तम काम 'श्रिंकिंग' या विनोदी मालिकेतलं: कंपवाताने थरथरायला लागलेला, खडूस मानसोपचारतज्ज्ञ.

पहिल्यांदा बघायचं तर कुठून सुरुवात करू?

घरात मुलं असतील तर 'रेडर्स'. एकटे असाल तर 'विटनेस', शक्यतो रात्री, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. 'ब्लेड रनर' बघणार असाल तर 2007 सालची 'फायनल कट' नावाची आवृत्ती शोधा, निवेदनवाली घेऊ नका. आणि 'टेंपल ऑफ डूम' जेवणाआधी किंवा जेवणानंतर, जेवताना नको.